भाड्याचं घर, आपल्या हातचा रंग

जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की भिंतींची काळजीही बऱ्याचदा आपल्याच गळ्यात येते. कायद्याने पाहिलं तर घर नीट राखणं हे मालकाचं काम. पण इथल्या बहुतेक भाडेकरारांत ‘शोनहाइट्सरेपाराटुरेन’ नावाचं एक कलम असतं आणि त्यात भिंती, छत, रेडिएटर, आतली दारं रंगवण्याचं काम भाडेकरूवर सोपवलेलं असतं. रंगारी बोलावणं इथे महाग पडतं, त्यामुळे शिकलीसवरलेली, पोटापाण्याला लागलेली माणसंही रोलर स्वतःच हातात धरतात. मला हे फार आवडतं. खोली आपण रंगवली की तिचा कोपरा न् कोपरा माहीत होतो.

तरी डबा विकत आणण्याआधी करार वाचा, असं मी इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते. 1976 सालच्या सरकारी नमुना करारात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर 3 वर्षांनी, राहत्या खोल्या 5 वर्षांनी आणि बाकीच्या लहानसहान जागा 7 वर्षांनी रंगवाव्यात असे आकडे होते. तेच आकडे पुढे असंख्य करारांत उतरले. भिंत कशीही असो, मुदत संपली की रंगवाच, अशी ताठर अट मात्र सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2004 मध्ये अवैध ठरवली. 2015 मध्ये आणखी एक महत्त्वाचा निकाल आला: घर मिळतानाच रंग न दिलेलं असेल आणि त्याची योग्य भरपाईही मिळाली नसेल, तर असं कलम भाडेकरूला बांधत नाही. आपली कितीतरी मंडळी अनामत अडकेल या धास्तीने घर सोडताना सगळ्या खोल्या रंगवून देतात. त्याआधी ताबा घेतानाचे फोटो आणि ‘युबरगाबेप्रोटोकोल’, म्हणजे घराची स्थिती नोंदवलेला सहीचा कागद, एकदा काढून पाहा. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते, ती काही लहान रक्कम नव्हे.

राहत असताना भिंतीला कुठला रंग द्यायचा, हे आपलं आपण ठरवायचं. पण पांढरं मिळालेलं घर लाल, पिवळं, निळं करून परत दिलं तर भरपाई द्यावी लागते, असा 2013 चा निकाल आहे. म्हणून गडद रंगाची हौस एकाच भिंतीवर भागवावी. घर सोडताना ती एकच भिंत पुन्हा फिकी करावी लागेल.

आता भिंतीकडे वळू. इथल्या भिंतींवर बऱ्याचदा खरखरीत कागद चिकटवलेला असतो, त्याला राउफाझर म्हणतात. कागदाच्या थरांत लाकडाचा भुसा आणि तंतू घातलेले असतात, त्यामुळे हात फिरवला की बारीक दाणे लागतात. आजच्या वुपरटालमधल्या हुगो एर्फुर्ट नावाच्या औषधविक्रेत्याने तो 1864 मध्ये काढला. या कागदावर पुन्हा पुन्हा रंग देता येतो, म्हणून भाड्याच्या घरांना तो सोयीचा. त्याला रोलर मात्र लांब केसांचाच लागतो, आखूड केसांचा दाण्यांच्या खाचांत पोचत नाही. खिळ्याचं भोक साध्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरलं तर तेवढा गुळगुळीत ठिपका रंगाखालूनही उठून दिसतो. त्यासाठी दाणेदार लांबी मिळते, ती घ्यावी.

रंग घेताना डब्यावरच्या दिखाऊ नावांपेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा. युरोपात आतल्या भिंतींच्या रंगांना ‘डीआयएन ईएन 13300’ हे मानक लागू आहे. झाकण्याची क्षमता 1 ते 4 या वर्गांत दिलेली असते, ओल्या फडक्याने घासणं किती सोसेल हे 1 ते 5 मध्ये, आणि दोन्हींत 1 सर्वांत चांगला. यात एक मेख आहे. झाकण्याचा वर्ग त्याच डब्यावर लिहिलेल्या पसरण्याच्या आकड्याशी बांधलेला असतो. एक रंग लिटरमागे 7 चौरस मीटरला वर्ग 1 असेल आणि दुसरा 5 ला, तर दोघांवरही ‘1’ छापलेलं दिसेल, पण दुसरा जास्त लागेल. स्वस्त डबा महाग पडतो तो इथेच. झोपायच्या खोलीसाठी ‘ब्लाउअर एंगल’ हे 1978 पासूनचं पर्यावरणचिन्ह पाहून घ्यावं. ज्यांना ॲलर्जीचा त्रास आहे त्यांनी संरक्षक रसायनं नसलेला रंग मागावा, तो सहज मिळतो.

हिशोब सोपा आहे. आमच्या लाइपझिगमध्ये जुन्या इमारतींची छतं उंच. 4 बाय 3.5 मीटरची खोली, उंची 3 मीटर धरली, तर भिंती 45 आणि छत 14, मिळून 59 चौरस मीटर. लिटरमागे 7 धरले तर रंगाच्या एका हाताला साधारण साडेआठ लिटर, दोन हातांना 17. मिसळून घेतलेला रंग असेल तर सगळा एकाच वेळी घ्यावा, कारण पुढच्या खेपेला छटा किंचित बदलू शकते. आणि सगळं सामान शनिवारपर्यंत घरात हवं! रविवारी इथे दुकानं बंद. रविवार शांततेचा दिवस, त्यामुळे ड्रिल किंवा घासायचं यंत्र चालवायचं नाही. रोलरचा मात्र आवाज होत नाही, रंगवायला रविवार उत्तम.

माझ्या मते खरं काम रंगाला हात लावण्याआधीच असतं. भिंतीवर तळहात घासून पाहा. पांढरी पूड आली तर आधी ‘टीफग्रुंड’ हे अस्तर द्यायला हवं, नाहीतर नवा रंग पोपडे धरतो. सिगारेटच्या किंवा पाण्याच्या डागांवर साधा रंग कितीही हात दिला तरी डाग वर येतो, त्याला डाग अडवणारा वेगळा रंग असतो. मेन स्विच बंद करूनच प्लगची झाकणं काढावीत. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे काळी बुरशी दिसली तर तिथे थांबा. तिच्यावर रंग देऊ नका, फोटो काढा आणि मालकाला लेखी कळवा. ओल कुठून येते ते सापडल्याशिवाय ती भिंत रंगवण्यात अर्थ नाही.

मग छत आधी, भिंती नंतर. छताची सुरुवात खिडकीकडून करून उजेडापासून दूर जायचं, म्हणजे पट्टे दिसत नाहीत. कडा ब्रशने मारून लगेच रोलर फिरवायचा, ओल्यात ओलं मिसळलं पाहिजे, आणि एक भिंत मध्येच सोडायची नाही. थंडीत हीटर चढवून रंग घाईने वाळवू नये, जोड उमटतात. चिकटपट्टी रंग ओला असतानाच काढावी. रंगाच्या दोन हातांच्या मधल्या वेळात रोलर धुवायची गरज नाही, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवला की तो मऊ राहतो.

उरलेला पातळ रंग मोरीत ओतायचा नाही, तो पालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचा. थोडासा मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि तिच्यावर रंगाचा क्रमांक, खोलीचं नाव नि वर्ष लिहा. घर सोडताना खिळ्यांची भोकं बुजवायला तेवढा पुरतो.