संगणकात रिकव्हरी असताना वेगळी डिस्क कशाला?

नवा संगणक घेतलेली माणसे मला हमखास विचारतात, की रिकव्हरीची, म्हणजे बिघडलेली विंडोज पूर्ववत करण्याची सोय आतच दिलेली असताना डिस्क किंवा पेनड्राइव्ह वेगळा करून ठेवायचा तो कशासाठी. तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रिकव्हरी पार्टिशन हा त्याच हार्ड डिस्कचा राखून ठेवलेला एक भाग असतो. विंडोज बिघडली आणि डिस्क शाबूत असली तर तो कामी येतो. डिस्कच निकामी झाली तर दोन्ही एकदमच जातात.

विंडोज ७ च्या दिवसांत माझ्या लॅपटॉपने सुरुवातीलाच रिकव्हरी डिस्क तयार करून घ्या, असे बजावले होते. त्याप्रमाणे मी ४.७ जीबीच्या चार कोऱ्या डीव्हीडी एका संध्याकाळी सर्वाधिक वेगाने बर्न केल्या, त्यांवर मार्करने १ ते ४ आकडे घातले आणि एकही तपासून न पाहता कपाटात ठेवल्या. पुढे हार्ड डिस्क टक् टक् आवाज करत बंद पडली, तेव्हा नवी बसवून मी पहिली डीव्हीडी घातली. पहिली चालली, दुसरी चालली, आणि तिसरीवर ड्राइव्ह बराच वेळ घरघरत राहून वाचनाची चूक दाखवू लागला. चारांतल्या तीन चांगल्या असून उपयोग शून्य होता, आणि नवा संच करावा तर ज्या पार्टिशनवरून तो करायचा ते जुन्या डिस्कबरोबर गेलेले होते.

आता डीव्हीडी मागे पडल्या आहेत, पण दोन गोष्टींची गल्लत होते. रिकव्हरी ड्राइव्ह, म्हणजे बिघडलेली विंडोज सावरण्याचा पेनड्राइव्ह, तुमच्याच संगणकावरून तयार होतो. त्यात सिस्टिम फाइल्स (विंडोज पुन्हा बसवायला लागणाऱ्या फाइल्स) घेण्याचा पर्याय निवडावा आणि ३२ जीबीचा पेनड्राइव्ह वापरावा. इन्स्टॉलेशन मीडिया, म्हणजे विंडोज नव्याने बसवण्याचा संच, मात्र मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर, दुसऱ्याच्या संगणकावरही करता येतो. दोन्हींत पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, आणि तुमचे फोटो किंवा कागदपत्रे कशातच येत नाहीत. त्यांचा बॅकअप निराळा घ्यावा लागतो. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या संगणकाबाहेर कुठेतरी लिहून ठेवावी.

माझा खरा आग्रह आहे तो तपासणीचा. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह तयार झाला, की तो लावून संगणक पुन्हा सुरू करावा, बूट मेनू, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याची यादी, उघडून (त्याची कळ कंपनीगणिक बदलते, कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप) त्यावरून बूट करावे आणि भाषा निवडण्याचा पडदा दिसला की पुढे काहीही न दाबता बाहेर पडावे. रिकव्हरी ड्राइव्हचेही असेच, फक्त तिथे आधी कीबोर्ड निवडायला सांगतात. एवढ्याला पाच-दहा मिनिटे लागतात. मग पेनड्राइव्हवर तारखेची चिठ्ठी लावावी, आणि रिकव्हरी ड्राइव्ह वर्षातून एकदा नव्याने करावा, कारण मधल्या काळातले अपडेट जुन्या ड्राइव्हवर नसतात.