तुम्ही विचारलंत म्हणून: लकव्याने वाचा गेलेले माझे यजमान, आमचे हे, भजनाने बोलायला लागले का?

नाही. भजनाने हे बोलायला लागले नाहीत.

दर एकादशीला कुणीतरी विचारतं, लग्नाकार्यात विचारतात, ओळखदेख नसलेली माणसं फोन करतात. बहुतेकांच्या घरात कुणाला तरी लकवा झालेला असतो, त्यामुळे रागावताही येत नाही. पण मी ‘नाही’ म्हटलं की समोरून लगेच येतं, ‘अहो, आम्ही स्वतः त्यांना गाताना ऐकलंय!’ मीही ऐकते. तेच तर सांगायचंय.

आजारपण फार उगाळत नाही. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, उजवा हात गेला आणि वाचाही. याला वाचाघात म्हणतात. समोरच्याचं सगळं समजतं, मनात काय म्हणायचंय तेही असतं, शब्द तेवढा ओठांवर येत नाही. एसटीत कंडक्टर होते हे. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत यांचा आवाज पोचायचा. त्यांच्याकडे ‘हां’ आणि ‘नको’ एवढंच उरलं.

भजनी मंडळातली माणसं एका एकादशीला घरी आली आणि यांना धरून देवळात घेऊन गेली. टाळ वाजवायला दोन हात लागतात, म्हणून खांबाला टेकवून नुसतंच बसवलं. रामकृष्णहरीचा गजर झाला, पहिला अभंग लागला. ध्रुपद दुसऱ्यांदा फिरलं तेव्हा यांचे ओठ हलले. तिसऱ्यांदा आवाज आला. मग डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून यांनी अख्खा अभंग म्हटला, कडव्यामागून कडवं, शेवटच्या नाममुद्रेपर्यंत. पखवाजवाल्यांचा हात थांबला. कुणी रडलं, कुणी म्हणालं पांडुरंगाने ऐकलं. मीही तेच म्हणाले.

घरी आल्यावर मी यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, ‘आता मला हाक मारा.’

तोंड उघडलं. ‘हां’ आलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ‘हां’. गळ्याच्या शिरा ताणल्या. आणि मग माझ्याकडे बघत यांनी देवळातल्या अभंगाचं ध्रुपद सुरू केलं. सगळे शब्द स्पष्ट. म्हणायचं होतं माझं नाव आणि येत होता अभंग, हे यांनाही कळत होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. मी म्हटलं, ‘पुरे, पुरे.’ तरी माझ्याच्याने राहवेना. लग्नातला यांचा उखाणा मला पाठ होता. तो मी चालीवर सुरू केला. पहिली ओळ माझ्याबरोबर ओढत ओढत म्हटली, यमकापर्यंत आले, आणि जिथे नाव यायचं तिथे थांबले. डावी मूठ पलंगावर आपटली. नंतर कितीतरी वेळ तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

देवाचं नाव येतं आणि माझं येत नाही, याचा मला राग आला. मत्सर वाटला म्हणा. त्यानंतर काही महिने यांना देवळात नेलंच नाही, आणि कुणी कारण विचारलं तर तब्येतीचं सांगितलं.

मी शिक्षिका होते, वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. 1745 साली स्वीडनमध्ये अशाच एका माणसाची नोंद झाली आहे: बोलणं गेलेलं, पण चर्चमधली भजनं म्हणता येत होती. 1973 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी यावरून उपचारपद्धती बांधली. छोटी, रोजच्या वापराची वाक्यं सुरात म्हणायची, डाव्या हाताने अक्षराअक्षरावर ठेका द्यायचा, आणि हळूहळू सूर काढून घेत बोलण्याकडे यायचं. 2011 मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की अशा रुग्णांना खरी मदत सुरापेक्षा लयीची आणि पाठ असलेल्या शब्दांची होते. हे वाचलं आणि त्या रात्रीचा उलगडा झाला. अभंग यांनी जन्मभर घोकला होता. उखाणा लग्नात म्हटला, तेवढाच. पाठ असलेलं येणं वेगळं आणि मनातलं बोलता येणं वेगळं.

मग पुन्हा का नेता, हा तुमचा पुढचा प्रश्न. ‘आजारी माणसाचं प्रदर्शन कशाला,’ असंही ऐकवलंय मला. प्रदर्शन घरी होतं हो. पाहुणे येतात, मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं यांच्याशी बोलतात, मग उत्तरासाठी माझ्याकडे बघतात. यांची वाक्यं मी पुरी करते, तीही बऱ्याचदा चुकीची. मंडळात यांना कुणी काही विचारत नाही. म्हणणारा चरण घेतो, बाकीचे ध्रुपद धरतात, आणि ते फिरून फिरून येतंच. एक फेरी हुकली तर पुढच्या फेरीत शिरायचं. कुणी यांच्यासाठी खोळंबत नाही. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. यांनाही आलं होतं, जेवण सोडलं होतं. देवळात जायला लागल्यापासून एकादशीच्या सकाळी स्वतःहून दाढीचं सामान पुढे ओढतात. हे मला पुरतं, तुम्हाला पुरणार नाही कदाचित.

हेलसिंकीच्या संशोधकांनी 2023 मध्ये वाचाघाताच्या रुग्णांच्या गायनगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी समूहगायनाबरोबर त्या सुरातल्या वाक्यांचा सरावही घेतला होता. रुग्णांचा संवाद सुधारला आणि सांभाळणाऱ्या घरच्यांचा ताणही कमी झाला. घरच्यांचंही कुणीतरी मोजलं, हे वाचून मी पुस्तक मिटल्यासारखी स्वस्थ बसले. कारण ते दोन तास मीही बायकांच्या बाजूला बसून गाते, आणि तेवढा वेळ मला कुणाचं वाक्य पुरं करायचं नसतं.

तेव्हा घरात कुणाला असं झालं असेल तर आधी वाचोपचार करणाऱ्यांकडे न्या. भजन त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. मंडळाला आधीच सांगून ठेवा, ‘गाऊन दाखवा’ म्हणू नका.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटत नाही. बोलण्याच्या रोजच्या सरावाला हे हल्ली टाळाटाळ करतात. ‘पाणी हवं’ एवढं म्हणायला घाम फुटतो, आणि अभंग अलगद येतो. जे येतं त्याचाच आधार घेऊन जे येत नाही ते यांनी सोडून दिलंय का? राग धरून बसलेली तेव्हाची मी म्हणेल, बघ, मी सांगत होते. मी तिला म्हणते, तू नेत नव्हतीस तेव्हा तरी कुठे बोलत होते? दोघींपैकी कुणाचं खरं, मला माहीत नाही. परवा एकादशी आहे, आम्ही जाणार आहोत.