विधवेच्या नावावरचं पेटंट

मी पुण्यात टायटल सर्चचं काम करते. म्हणजे अमेरिकेत कुणी जमीन घेत असेल तर ती आधी कुणाकुणाच्या नावावर होती, कर्ज आहे का, कुणाचा हक्क राहिलाय का, हे इथे बसून त्यांच्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, रेकॉर्डमधून काढायचं. बहुतेक ऑर्डरी तीस-चाळीस वर्षं मागे गेलं की संपतात, पण मध्यंतरी नेब्रास्कातल्या व्हॅली काउंटीतल्या एका शेताची फुल सर्चची ऑर्डर आली, अगदी सरकारने पहिल्यांदा जमीन दिली तिथपासून. 160 एकर, आणि अडचण अशी की 1909 मध्ये आईने दोन मुलग्यांना जमीन लिहून दिली त्या डीडवर मुलींच्या सह्याच नाहीत, मग मुलींचा हिस्सा अजून शिल्लक धरायचा का?

मागे मागे गेले तर पहिला कागद म्हणजे सरकारी पेटंट, सरकारने जमीन पहिल्यांदा कुणाच्या नावावर केल्याचा कागद, त्यावर नाव याच आईचं आणि पुढे 'अमक्याची विधवा'. अर्ज मात्र नवऱ्याचा, 1883 चा. मग मूळ होमस्टेडची स्कॅन केलेली फाइल आणि प्रोबेटचे, म्हणजे मेलेल्याच्या मालमत्तेचे कोर्टातले, कागद दोन्ही उघडले, आणि त्या रात्री बाकीच्या ऑर्डरी बाजूलाच राहिल्या.

1862 च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमिनीतले 160 एकर मिळायचे, सगळी मिळून 18 डॉलर फी, पण अट अशी की पाच वर्षं तिथेच राहायचं, जमीन कसायची आणि मग दोन साक्षीदार आणून ते सिद्ध करायचं. तिच्या नवऱ्याने 1883 च्या वसंतात ग्रँड आयलंडच्या लँड ऑफिसात अर्ज टाकला. म्हणजे 1888 च्या वसंतात पाच वर्षं भरणार होती. तो गेला 12 जानेवारी 1888 ला.

ती तारीख नेब्रास्का आणि डकोटात अजून लोकांच्या लक्षात आहे. सकाळी थंडी एकदम कमी झाली, लोक जाड कोट न घालताच बाहेर पडले, मुलं शाळेत गेली, आणि मग उत्तरेकडून अचानक पिठासारख्या बारीक बर्फाचं वादळ आलं, हात पुढे केला तर दिसेना आणि तापमान धाडकन खाली. अंदाजे 235 माणसं गेली, त्यात शाळेतून घरी निघालेली मुलं खूप. याच व्हॅली काउंटीत मिनी फ्रीमन नावाच्या तरुण शिक्षिकेने शाळेचं छप्पर उडाल्यावर सगळ्या मुलांना सुखरूप बाहेर नेलं, तिचं नाव तेव्हा देशभर झालं. आमच्या फाइलमधल्या माणसाबद्दल बायकोच्या जबानीत एवढंच आहे की तो दुपारी मक्याच्या शेतात चरणारी गुरं आणायला गेला आणि तिसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर काही महिन्यांनी ती बाई स्वतः ग्रँड आयलंडला जाऊन छापील फॉर्मवरच्या प्रश्नांना उत्तरं देते. घर कसलं? सॉडचं, 16 बाय 20 फूट, एक दार, दोन खिडक्या. त्या भागात झाडंच नव्हती, म्हणून नांगराने गवताच्या मुळांसकट मातीच्या लांब पट्ट्या कापायच्या, त्यांचे तुकडे करून विटांसारखे रचायचे, ते सॉडचं घर, पावसात गळायचं आणि भिंतीतून साप निघायचे. किती जमीन नांगरून शेतीखाली आणली? 45 एकर, मका. किती हंगाम? चार. मग प्रश्न येतो, या काळात तुम्ही किती दिवस आणि कशासाठी घराबाहेर होतात? उत्तर लिहिलंय, नवरा दरवर्षी काही आठवडे रोख पैशासाठी रेल्वेच्या कामावर जायचा, मी आणि मुलं एकही दिवस नाही. खाली सहीच्या जागी फुली. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले, कारण दरवर्षी ते काही आठवडे ती त्या मातीच्या खोलीत मुलांना घेऊन एकटी राहिली याचा एवढा एकच कागदोपत्री पुरावा आहे.

प्रोबेटच्या यादीत एक नांगर, एक स्टोव्ह, दोन गाई, आणि घोड्यांची जोडी, पण जोडी गहाण. घोडे सावकाराने नेले असणार. जमिनीला मात्र कुणी हात लावू शकलं नाही, कारण होमस्टेड कायद्यातच लिहिलेलं होतं की पेटंट मिळायच्या आधीच्या कर्जासाठी ही जमीन जप्त होणार नाही. हे कलम ज्याने घातलं त्याला शेतकरी कळला होता असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचं नाव लागायला किती चकरा झाल्या ते मी बघितलंय.

आता मुलींचा प्रश्न. कायदा म्हणतो की दावेदार मेला तर उरलेलं त्याची विधवा पूर्ण करेल आणि पेटंट तिलाच मिळेल. म्हणजे तिला ही जमीन नवऱ्याकडून वारसाने आलेली नाही, सरकारकडून थेट तिच्या स्वतःच्या हक्काने आली. 1905 च्या मॅकक्यून विरुद्ध एसिग खटल्यात असाच मुद्दा होता, मुलीने वडिलांच्या होमस्टेडमध्ये अर्धा हिस्सा मागितला होता, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने विधवेच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे तिने एकटीने केलेलं डीड पक्कं, मुलींच्या सह्या लागतच नाहीत. टीम लीडला तो निकाल दाखवला, त्याने क्लायंटच्या वकिलाकडे पाठवला, हरकत दूर झाली.

एक गोष्ट मात्र रिपोर्टमध्ये येत नाही. आमच्या चेनमध्ये, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्या साखळीत, पहिला देणारा नेहमी 'युनायटेड स्टेट्स' असतो. हा लूप नदीचा मुलूख पॉनी लोकांचा, 1857 च्या तहात त्यांनी यातला बराचसा सोडला आणि 1870 च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. त्याला आमच्या फॉर्ममध्ये कॉलमच नाही आणि मला ते खटकतं.

1909 चं ते डीड मी शेवटपर्यंत वाचलं. 1890 आणि 1894 च्या दुष्काळात त्या भागातली कितीतरी कुटुंबं शेत सोडून गेली, हिने सोडलं नाही. मुलग्यांना देताना अट घातलीय, मरेपर्यंत घरातली एक खोली माझी, दरवर्षी जळण, आणि एक दुभती गाय, तीही मी निवडेन ती. तो हक्क तिच्याबरोबरच संपला, तरी रिपोर्टमध्ये मी ती अट पूर्ण उतरवली.