आमची वाटचाल : साबणाआधी पाणी

कपड्यांचा साबण करायचा असं आम्ही कधी ठरवलं नव्हतं. मी आणि माझी धाकटी जाऊ अंघोळीचे साबण करायचो. साच्यातून निघालेली लांब लादी कापली की टोकांचे वाकडे तुकडे आणि कडांची कातरणं उरायची. चांगल्या तेलाचा माल, टाकवत नव्हता. तो किसून आम्ही घरच्या धुण्याला वापरायला लागलो. मग ओळखीच्या बायका तोच किस मागायला लागल्या आणि धंद्याचा हा भाग न बोलावता दारात येऊन उभा राहिला.

पहिले दोन महिने सगळं छान चाललं. नंतर टॉवेल पाणी टिपेनासे झाले. हाताला मऊ लागायचे, पण अंगावरून फिरवले की पाणी नुसतं इकडचं तिकडे सरकायचं. कारण आमच्याच वहीत होतं. अंघोळीच्या साबणात दर किलो तेलामागे ८० ग्रॅम तेल आम्ही मुद्दाम मोकळं ठेवायचो, त्वचा कोरडी पडू नये म्हणून. तेच मोकळं तेल दर धुण्याला थोडं थोडं टॉवेलच्या धाग्यांवर बसत होतं. अंगाचा साबण आणि कपड्यांचा साबण एका घाण्यात निघत नाही, हे तेव्हा कळलं.

मग कपड्यांसाठी वेगळा घाणा लावला. निव्वळ खोबरेल तेलाचा. १ किलो खोबरेल तेलाचा पुरता साबण व्हायला १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. आम्ही १८१ धरतो, म्हणजे मोकळं तेल जेमतेम १ टक्का उरतं. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा असतो. एरंडेलाला किलोमागे १२८ ग्रॅमच पुरतात, त्यामुळे एका तेलाची कृती दुसऱ्याला लावली की एक तर साबण चिकट होतो, नाही तर हात पोळतो. खोबरेलच का, असं बरेच जण विचारतात. त्यातल्या मेदाम्लांत जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, आणि त्याचा साबण गार पाण्यातही चटकन विरघळतो, भरपूर फेसतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातसुद्धा हा साबण फेस देतो, म्हणून जहाजांवर तो वापरला जायचा. अंगाला निव्वळ खोबरेलाचा साबण रखरखीत लागतो. कपड्याचा मळ काढायला मात्र तो रखरखीतपणाच कामाला येतो.

या साबणाची एक खोड आहे. तो फार लवकर कडक होतो. पहिली लादी आम्ही सवयीने रात्रभर साच्यात ठेवली आणि सकाळी सुरी लावली, तर सुरीखाली ती पाटीच्या खडूसारखी तडकली. सरळ वडी एकही निघाली नाही. आता ओतल्यापासून दर अर्ध्या तासाने बोटाने दाबून बघतो. लादी अजून कोमट असते, बोटाचा ठसा उमटतो पण बोटाला काही चिकटत नाही, तेव्हाच कापायची. ही वेळ तीन-चार तासांत येते आणि लगेच निघूनही जाते. त्यानंतर वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर मुरतात. या मुदतीत आम्ही कधीही तडजोड केलेली नाही, मोठी मागणी हातची गेली तरी नाही.

कॉस्टिकबद्दल मी जरा कडक बोलते, ते समजून घ्या. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. पाणी बघता बघता ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि वाफ थेट नाकात जाते, म्हणून खिडकी उघडी, डोळ्यांना चारी बाजूंनी बंद चष्मा, हातात लांब मोजे. अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही. कॉस्टिक ते खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलचं पातेलं वापरा. कातडीवर थेंब उडालाच तर व्हिनेगर शोधत बसू नका, धारेखाली भरपूर पाणी सोडा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकीला पहिला आठवडा फक्त वजन करायला आणि हे नियम पाळायला देतो.

तर साबण झाला, विक्री वाढली, आणि एक दिवस एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "अहो, तुमच्या साबणाने माझे पांढरे अभ्रे राखाडी झाले. हाताला मेण लावल्यासारखे लागतात." मी बचावाचं बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात जाऊ म्हणाली, "ताई, आधी अभ्रा बघू या. त्यांचं पाणीही मागवून घे."

त्यांनी बाटलीभर पाणी पाठवलं. दोन सारख्या बाटल्या घेतल्या, एकीत शुद्ध केलेलं बिनक्षाराचं पाणी, दुसरीत त्यांचं. दोन्हींत नखाएवढा साबणाचा किस टाकला आणि दहा वेळा हलवलं. पहिलीत फेस मानेपर्यंत चढला आणि खालचं पाणी नितळ राहिलं. दुसरीत फेसाचा ठिपकासुद्धा नाही. पाणी गढूळ झालं आणि वर पांढरट चोथ्याच्या कण्या तरंगायला लागल्या. बाटली आडवी केली तर त्या काचेला चिकटून बसल्या. बोटाने पुसल्या तर सरकल्या, सुटल्या नाहीत. अभ्र्यावर हेच बसलं होतं.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जुळतो आणि न विरघळणारा चोथा होतो. तो मळ पकडतो आणि मळासकट कपड्यावर बसतो. वहीत हिशेब मांडला तेव्हा मी हादरले. पाण्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर १५ लिटरच्या बादलीत पहिले सुमारे २० ग्रॅम साबण निव्वळ चोथा होण्यातच जातात. धुण्याला त्यातलं काहीच मिळत नाही. आम्ही साबण बारकाईने करत होतो आणि तो कोणत्या पाण्यात पडणार आहे हे कुणालाही विचारत नव्हतो.

त्या दिवसापासून आमचा धंदा बदलला. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न पाण्याचा. जड पाणी असेल तर बादलीत आधी धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट, कॉस्टिक नव्हे) विरघळवायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मगच साबण. त्याच बादलीला सुमारे ५ ग्रॅम कोरडा सोडा क्षार खाली बसवायला पुरतो. मळासाठी त्याहून थोडा जास्त घ्यावा लागतो. क्रम उलटा केला तर सोडा वाया जातो, कारण साबण तोवर क्षारांशी जुळलेला असतो. आणि खरा घोटाळा विसळताना होतो, हे आम्हाला फार उशिरा उमगलं. कपड्यात साबण मुरलेला असतो आणि आपण त्यावर ताजं जड पाणी ओततो. चोथा तिथेच तयार होतो. म्हणून पहिल्या विसळण्याच्या पाण्यातही चिमूटभर सोडा, पाणी शक्यतो कोमट. कपडे हाताला चरचरीत लागेपर्यंत खळबळायचे. सायट्रिक आम्ल घालायचं असेल तर अगदी शेवटच्या पाण्यात, साबण पूर्ण निघाल्यावर. साबण आणि आम्ल एकत्र आले की साबण फुटतो आणि तेलकट आम्ल कपड्यावर सुटतं. धुण्यात साबणाबरोबर व्हिनेगर घालायचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, तो कृपा करून ऐकू नका.

आता सायट्रिक आम्ल आम्ही घाण्यातच घालतो, किलो तेलाला २० ग्रॅम. ते कॉस्टिक खातं, म्हणून त्याच्यापुरता साडेबारा ग्रॅम कॉस्टिक सोडा वाढवावा लागतो. त्यातून सोडियम सायट्रेट बनतं आणि ते पाण्यातल्या क्षारांना धरून ठेवतं. फार जड पाण्याला एवढं पुरत नाही, मध्यम पाण्याला चांगला फरक पडतो.

एक चूक मात्र निव्वळ आमची. साबणाचा किस आणि धुण्याचा सोडा समभाग मिसळून आम्ही पूड विकायचो. सोडा खड्यांचा यायचा. एकदा पुरवठादार बदलला, पोत्यावर नाव तेच, आत मात्र कोरडी पांढरी पूड. आम्ही तेवढ्याच वजनाने मिसळली. खड्यांच्या सोड्यात ६३ टक्के वजन पाण्याचं असतं. २८६ ग्रॅम खड्यांत खरा सोडा १०६ ग्रॅम. म्हणजे आमच्या पुडीतला सोडा एका रात्रीत २.७ पट जोरकस झाला. हात कोरडे पडल्याच्या तक्रारी आल्या, आणि एका ताईंची लोकरीची शाल आटून जाड नमद्यासारखी झाली. ती शाल त्यांच्या आईंची होती. पैसे परत केले, सगळ्या पुड्या परत मागवल्या, पण शाल काही परत येणार नव्हती. त्यानंतर प्रत्येक पोतं उघडल्यावर वाटीभर सोडा तापवून वजन किती घटतं ते बघतो, मगच मिश्रण. लोकर आणि रेशमासाठी हा साबण वापरू नका, हे पाकिटावर नावाखालीच मोठ्या अक्षरांत छापतो.

काही जणांना आम्ही साबण विकत नाही. पाणी अतिशय जड, मशीन कमी पाण्यात फिरणारं, आणि आधी सोडा भिजत घालायला वेळ नाही, तर डिटर्जंटच बरा, असं सरळ सांगतो. कृत्रिम डिटर्जंटची सुरुवात पहिल्या महायुद्धात जर्मनीत तेला-चरबीच्या टंचाईतून झाली, आणि जड पाण्यात ते साबणासारखा चोथा करत नाहीत हा त्यांचा खरा गुण आहे. तो नाकारून आमचा साबण विकावा असं मला कधी वाटलं नाही. सुती कपडे, चादरी, पंचे, लंगोट, कॉलरी-मनगटं यांना मात्र ही वडी मी डोळे मिटून देते.

पहिल्या मागणीबरोबर आम्ही बोटभर किस आणि दहा वेळा हलवायची सूचना पाठवतो. बाटली घरातली घ्यायची. निकाल लोक फोटो काढून कळवतात आणि त्यावरून आम्ही सोड्याचं माप लिहून देतो. अभ्रेवाल्या बाईंनी ते अभ्रे गरम पाण्यात सोडा घालून तीनदा भिजवले. तिसऱ्या वेळी पाणी गढूळ निघायचं थांबलं, असं त्यांनी कळवलं. सध्या जाऊ कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरून पातळ साबण करून बघते आहे. सहावा घाणा काल झाला. गार पाण्यात तो पटकन विरघळतो, पण बाटलीत चौथ्या दिवशी ढगाळ होतो. ते सुटेपर्यंत तो विकायला काढणार नाही.