तिथी बघून ट्रायपॉड: आषाढ ते दिवाळी, मुंबईच्या किनाऱ्यावरून

यंदाच्या पावसाळ्यात किनाऱ्यावर जायचं ठरवताना हवामानाच्या ॲपआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघायला लागलो. मुंबईचा समुद्र टिपणाऱ्या प्रत्येकाने हेच करावं, असं आता माझं ठाम मत आहे. वरळी कोळीवाड्यात जाळं शिवत बसलेले एक काका मला मोबाइलवर भरतीची वेळ शोधताना बघून म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर की रे, त्याला फोन कशाला लागतो?" हिशेब जुनाच आहे, कोकणातल्या घरांतून तोंडपाठ असायचा. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, वेळ दिवसाची असो की रात्रीची, आकडा तोच. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण लोकलमध्ये उभ्या उभ्या बेत ठरवायला एवढं पुरतं.

आता यातली मेख बघा. मोठं उधाण येतं पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. म्हणजे मुंबईत सगळ्यात मोठी भरती भर दुपारी, नाहीतर मध्यरात्री. सूर्य बुडताना पाणी काठोकाठ हवं असेल तर अष्टमीच्या आसपास जावं लागतं, आणि ती असते भांगाची भरती, जोर नसलेली. सोनेरी ऊन आणि कठड्यावर चढणारं उधाण ही जोडी या शहराच्या नशिबातच नाही. कुणाच्या फोटोत दिसली तर आकाश दुसऱ्या दिवसाचं आहे असं खुशाल समजा. (पावसाळी वाऱ्याने उसळलेल्या लाटा हा अपवाद, पण तेव्हा सूर्य कुठे दिसतो?)

याची दुसरी बाजू फायद्याची आहे. त्याच पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला पाणी पार मागे गेलेलं असतं. वांद्र्याच्या बँडस्टँडचे काळे खडक उघडे पडतात, खळग्यांत पाणी साचून राहतं आणि त्यात आकाश उतरतं. वाइड लेन्स घेऊन जायचं तर याच दिवशी. एरवी तिथे नुसतं गढूळ पाणी आणि सेल्फी.

आषाढ

दुपारी बाराचा उजेड फोटोला वाईट, हे पुस्तकी वाक्य आषाढात विसरायचं. ढग दाटलेले असतात, सावल्या नसतात आणि उधाण ऐन त्याच वेळी. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की मरीन ड्राइव्हला टेट्रापॉडवरून (कठड्याबाहेर रचलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) पाणी थेट फूटपाथवर येतं. मी उभा राहतो रस्त्याच्या पलीकडे, आर्ट डेको इमारतींच्या बाजूला, ७०-२०० मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स लावून. कठड्याजवळ गेलं की लाट अंगावर येते आणि फोटोत नुसता पांढरा पडदा मिळतो. लांबून २०० मिलिमीटरवर लाट, छत्री सावरणारी माणसं आणि मागचं करडं आकाश एकमेकांना चिकटून येतात. लाटेची उंची कळते ती माणसामुळेच. शिवाय पोलीस कठड्यावरच्यांना शिट्ट्या मारून मागे हटवत असतात आणि ते बरोबरच करतात.

शटरचं सांगतो, कारण यात बराच वेळ घातला. १/१००० सेकंदाला पाणी गोठतं, पण थेंब मीठ भुरभुरल्यासारखे दिसतात, लाटेचं वजन जातं. १/८ ला पाणी ओढल्यासारखं छान येतं, पण माणसंही वितळतात. माझं मन १/२०० ते १/३२० मध्ये रमलं: लाटेचा मुख्य गठ्ठा धारदार राहतो, टोकाचे तुषार किंचित लांबतात. बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो घेण्यावर, विसंबू नये. दहा मिनिटं कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघितलं की लय कळते. बारीक लाटा येत राहतात, मग दोन-तीन मोठ्या एकामागून एक. त्यातली पहिली सोडायची. ती आपटून मागे फिरलेलं पाणी पुढचीला भिडतं आणि खरा उसळा तिथे मिळतो.

फिल्टरवर खारे तुषार बसले की कोरड्या कापडाने पुसू नका, मीठ घासलं जातं. आधी साध्या पाण्याने ओलसर केलेलं कापड, मग कोरडं. आणि एसी ऑफिसमधून थेट बाहेर पडत असाल तर कॅमेरा निघण्याआधीच झिपच्या पिशवीत बंद करा. बाहेर आल्यावर पिशवीसकट अर्धा तास राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर बसतं, लेन्सवर नाही.

याच काळात मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै. कोळीवाड्यात होड्या ताडपत्री पांघरून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. डागडुजी, रंगकाम, जाळ्यांची शिवण असं सगळं उघड्यावर चाललेलं असतं. लँडस्केपवाल्यांनी इथे लेन्स बदलावी आणि आधी विचारावं. "मावशी, फोटो काढू का?" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा चहाच मिळतो.

श्रावण, भाद्रपद

पावसाने धुतलेली हवा. सरी थांबून ऊन पडलं की वरळीच्या किल्ल्यावरून वांद्र्याच्या इमारतींच्या खिडक्या मोजता येतात. डिसेंबरात तिथूनच सी लिंकसुद्धा धुरकट दिसतो.

सूर्याचं एक गणित इथे घालून ठेवतो. मुंबईत जूनमध्ये सूर्य मावळतो साधारण २९५ अंशांवर, डिसेंबरात २४५ वर. जवळजवळ ५० अंशांचा फेर. दादर चौपाटीवर उभं राहिलं की समोर सी लिंक आडवा पसरलेला असतो, त्यामुळे वर्षभरात सूर्य त्याच्या मागून एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकताना दिसतो. उन्हाळ्यात उजवीकडे, वांद्र्याच्या मोठ्या मनोऱ्याकडे. दिवाळीनंतर डावीकडे, वरळीच्या बाजूला. ज्यांना सूर्य केबलच्या जाळीत हवा आहे त्यांनी महिना आधी ठरवावा, लेन्स नंतर. पावसाळ्यात मनोऱ्यामागचा सूर्य ढगांत जातो, म्हणून मे महिना धरलेला बरा.

अनंत चतुर्दशीला मी कॅमेरा घरी ठेवतो, गर्दीत मन लागत नाही. पण पाऊणपट तिथेही लागू पडते: चौदाची साडेदहा. मोठ्या मूर्तींना गिरगावच्या पाण्यात नेताना भरती-ओहोटी का बघावी लागते, ते यावरून कळतं.

सह्याद्रीत एकदाच जमलं, हरिश्चंद्रगडाला. कोकणकड्यावर सकाळी इंद्रवज्राच्या, म्हणजे धुक्यावर दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याच्या, आशेने उभा राहिलो. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीमागून हवं आणि समोर दरीत धुकं. धुकं मिळालं, ऊन नाही. पण कड्याच्या कपारीतून वर येणाऱ्या ढगाचा एक करडा फोटो आहे, तो मला आवडतो.

एडिटिंग

मुंबईचा समुद्र निळा करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पावसाळ्यात तो तपकिरी असतो, गाळ ढवळून वर आलेला असतो, खाड्यांचं पाणी मिसळलेलं असतं. तो रंग काढून टाकला की मालदीवचं पोस्टर उरतं. मी व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा उबदार-थंडपणा) ५२०० केल्विनच्या आसपास ठेवतो, ढगाळ प्रीसेटला हात लावत नाही. त्याने पाण्याचा तपकिरी रंग नारिंगी होतो आणि आकाश आजारी दिसतं. करडं करडंच राहू द्यायचं, फक्त पाण्याच्या भागावर मास्क घालून कॉन्ट्रास्ट थोडा चढवायचा.

डीहेझचा, म्हणजे धुरकटपणा कमी करणारा, स्लायडर दिवाळीनंतरच्या फोटोंना मारक आहे. पंधराच्या पुढे गेलात की आकाशात पट्टे पडतात, नॉइज वर येतो. धुरकटपणा काढत बसण्यापेक्षा वापरून घ्यावा. टेलीने इमारतींच्या रांगा एकामागे एक फिकट होत जाताना घेतल्या तर तोच धूर खोली देतो.

संध्याकाळच्या फोटोंत डोकेदुखी दिव्यांची. मरीन ड्राइव्हला २०१५ मध्ये सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले तेव्हा केवढी ओरड झाली होती, आठवत असेल. आता शहरभर सगळ्या छटा मिसळलेल्या आहेत, एका व्हाइट बॅलन्सने काम भागत नाही. मी आकाशासाठी एक आणि रस्त्यासाठी एक अशा दोन प्रती एकाच रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढून थरांत जोडतो. वेळ जातो, पण चेहरे हिरवे पडत नाहीत.

यंदा काही फोटो मॅट कागदावर ए४ आकारात छापून घेतले. छपाई काळवंडून येत असेल तर छापणाऱ्याला दोष देण्याआधी मॉनिटरचा ब्राइटनेस बघा. बहुतेकांचा फार चढा असतो. खोलीत मंद दिवा आणि मॉनिटर १०० निट्सच्या (ब्राइटनेसचं माप) आसपास, एवढ्यावर पडदा आणि कागद बऱ्यापैकी जुळले.

कपाट

बुरशी. पावसाळ्यात मुंबईत लेन्स बॅगेत बंद राहिली की आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. तांदळाची भुकटी आत जाते. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र, एवढं पुष्कळ झालं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. आणि लेन्स वापरत राहा. उजेड आणि हवा लागणारी लेन्स सहसा टिकते.

पुढे

त्रिपुरारी पौर्णिमेचा बेत आहे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी, वरळीच्या बाजूला होड्या चिखलात टेकलेल्या, आणि समोर दादर-माहीमच्या इमारतींमागून ईशान्येच्या अंगाने चंद्र. अडचण अशी की पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या वेळीच उगवतो. उंच इमारतींच्या वर येईपर्यंत आकाश काळं होतं आणि चंद्राचा नुसता पांढरा ठिपका उरतो. आदल्या दिवशी, चतुर्दशीला, तो पाऊण तास आधी वर आलेला असतो आणि समोरच्या इमारतींवर मावळतीचं ऊन पडलेलं असतं. एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही बसतात. पण त्या दिवशी ओहोटी पावणेपाचला, म्हणजे सहापर्यंत पाणी परत यायला लागलेलं आणि होड्यांखालचा चिखल झाकत चाललेला. चिखल की चंद्र, एक सोडावं लागणार. मी चतुर्दशी धरतोय, ७०-२०० आणि ट्रायपॉड, साडेचारला तिथे. वाइड घरीच.