तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रायर तापत नाही, हीटरच गेला ना?

“फ्रायर तापत नाहीये, हीटरच गेलाय. येताना नवीन घेऊनच या.” फोनवर हॉटेलवाल्याने तळणीच्या फ्रायरचा निकाल लावलेला असतो, माझी, म्हणजे दुरुस्तीवाल्याची, फक्त सही हवी असते. मी उलट विचारतो : अजिबात तापत नाही, उशिरा तापतो, की ब्रेकर पडतो? उत्तर आलं की निम्मं काम तिथेच होतं.

अजिबात तापत नसेल तर बहुतेकदा कारण किरकोळ निघतं. हीटर वर उचलता येणाऱ्या फ्रायरमध्ये, तो उचलला की सप्लाय तोडणारा एक छोटा स्विच असतो. सफाईनंतर हीटरचं डोकं खाचेत नीट बसलं नाही, तर फ्रायर मुकाट बसून राहतो. डोकं दाबून बसवायचं आणि निघायचं, असंही काम मी केलंय. त्याचे पैसे मागताना मलाच लाज वाटते.

खरा चकवा उशिरा तापणाऱ्या फ्रायरचा. दिवा लागतो, कॉन्टॅक्टर (हीटरला सप्लाय जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) ओढतो, तेल गरम होतं, म्हणजे सगळं चालू. पहिला घाणा बरा निघतो, दुसऱ्यापासून माल तेल पितो. तीन सारखे हीटर डेल्टात, म्हणजे प्रत्येक दोन फेजमध्ये एक असे, जोडलेले असतील आणि एक फेज गेला, तर ताकद बरोबर निम्मी उरते. फ्रायर बंद पडत नाही, त्यामुळे शंका तेलावर जाते, नाहीतर तळणाऱ्यावर.

अशाच एका फ्रायरवर मी स्वतः फसलो होतो. बंद असताना कॉन्टॅक्टरच्या वरच्या स्क्रूंवर मोजलं, तिन्ही फेजमध्ये चोख 400 व्होल्ट. मग हीटरच्या पट्ट्या सोडवून एकेक तपासला. 400 व्होल्टचा 3 किलोवॅटचा हीटर म्हणजे 53 ओहमच्या आसपास, आणि तिन्ही तसेच. वायरिंग ठीक, हीटर ठीक, आणि तेल मात्र कोमट. शेवटी लोडवर, म्हणजे हीटर चालू ठेवून, मोजलं. मधल्या फेजपासून दोन्ही बाजूंना 200 व्होल्ट. आकडा दिसतो म्हणून माणूस समाधानी होतो. प्रत्यक्षात ती तार तुटल्यात जमा असते आणि तो आकडा बाकीच्या दोन फेजमधून हीटरमार्गे फिरून आलेला असतो. तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने त्या तारेवर शून्य अँपिअर दाखवले तेव्हा खात्री पटली.

मेन बंद केला, सप्लाय नाही हे मीटरने पाहिलं आणि तार वाकवली. इन्सुलेशन वाळक्या काडीसारखं कडकन मोडलं. खालचं तांबं काळं, लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) तपकिरी, स्क्रू बोटाने फिरत होता. रोज तापणं, रोज गार होणं, त्यात स्क्रू ढिला पडत जातो. मीटरला सुईएवढा प्रवाह पुरतो म्हणून जळका सांधाही त्याला धडधाकट दिसतो; खरा अँपिअर ओढला की सांधा हात टेकतो. स्वच्छ तांब्यापर्यंत तार कापून नवा लग लावला आणि कॉन्टॅक्टर बदलला. पिशवीतला हीटर परत आला. लोडवरचं हे मोजमाप मात्र जाणत्या इलेक्ट्रिशियननेच करावं.

करंट गळला की पडणारा ब्रेकर पडत असेल, तर मात्र हीटरवर माझाही संशय जातो. आतल्या पांढऱ्या भुकटीत ओल शिरते आणि 30 मिलीअँपिअर गळतीचा तो ब्रेकर बसू देत नाही. इन्सुलेशन तपासणाऱ्या 500 व्होल्टच्या मेगरवर 1 मेगाओहमच्या खाली आकडा आला की मी तो हीटर काढतो.

एका प्रश्नाला मात्र नेहमी नकार देतो : “ते हाय-लिमिट सारखं पडतंय, आजच्यापुरतं बायपास करून देता का?” थर्मोस्टॅट 190 अंशांच्या आसपास तोडतो; हाय-लिमिट म्हणजे तेल त्याहून जास्त तापलं तर सप्लाय तोडणारं शेवटचं संरक्षण, ते साधारण 230 ला. ते पुन्हा पुन्हा पडतंय म्हणजे बहुधा कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेत किंवा थर्मोस्टॅट तोडत नाहीये, आणि तेल तापायचं थांबत नाही. अशा वेळी मी मेन पाडतो, तिथे टाळं लावतो आणि चावी खिशात घेऊनच पार्ट आणायला जातो.