तिकडच्या गरिबांचं तुला काय पडलंय?

दर डिसेंबरात सोलापूरला आले की हा प्रश्न चहाबरोबर येतो. मामा विचारतात, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, एकदा तर रिक्षावाल्यानेही विचारलं. "शनिवारी तू बर्लिनमध्ये जर्मन लोकांना फुकट भाजी वाटतेस म्हणे. आपल्याकडे गरीब काय कमी आहेत?" आणि त्याच्या शेपटाला दुसरा: "तिकडे सरकार सगळं देतं ना, मग गरीब येतात कुठून?" आजवर मी हसून पोह्यांची ताटली पुढे ओढली आहे. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून या वेळी लिहूनच टाकते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे असं मला वाटायचं. मामांना आकडा सांगितला हीच चूक झाली. जर्मनीत काम नसलेल्या, जवळ काही नसलेल्या एकट्या माणसाला 2024 मध्ये महिन्याला 563 युरो मिळत होते, घरभाडं आणि हीटिंग वेगळं. मामांनी लगेच गुणाकार केला. "पन्नास हजार! मलाच ने की तिकडे." मामा, ते पन्नास हजार बर्लिनच्याच भावाने खर्च होतात हो. त्यात जेवण, वीज, फोन, ट्रेन, बूट, सगळं आलं. वॉशिंग मशीन बंद पडलं की महिना कोलमडतो.

गरिबी मोजायची तिथली रीतही वेगळी आहे. देशातल्या मधल्या माणसाच्या उत्पन्नाच्या 60 टक्क्यांखाली गेलात की धोक्याच्या रेषेखाली. हा आणि असेच आणखी दोन निकष धरले तर युरोपीय संघात साधारण पाचातला एक माणूस त्यात बसतो. 2010 मध्ये संघाने ठरवलं, दहा वर्षांत 2 कोटी लोकांना यातून बाहेर काढायचं. जमलं नाही. मग नवं लक्ष्य आलं: 2030 पर्यंत दीड कोटी. ऐकल्यासारखं वाटलं ना कुठेतरी?

आता मान्य करायचं ते करते. दिवसभर विड्या वळणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बाईसमोर मी 563 युरोंचं दुःख सांगू शकत नाही. सांगतही नाही. आणि मी तिथे कुठल्या कळवळ्याने गेले असंही नाही. 2016 मध्ये मी गेले ती जर्मन सुधारायला. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलायचे, माझी भाषा अडली होती, आणि कोणीतरी सांगितलं की चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी हात हवे असतात. तेव्हा मी स्वतःही मामांच्याच बाजूची होते. पगाराची स्लिप बघून म्हणायचे, एवढा टॅक्स आणि विम्याचे हप्ते कापून घेतात आणि लोक घरी बसून खातात. त्या वेळच्या मला आज काय सांगू? ती माझं ऐकणार नाही. तिचे मुद्देही अगदीच चुकीचे नाहीत.

काम असं असतं. सुपरमार्केटमध्ये उरलेला, तारीख जवळ आलेला माल गाडीने येतो. आम्ही क्रेट उघडून सडकं बाजूला काढतो. लोक नंबराची चिठ्ठी काढतात, एक-दोन युरो देतात, पिशव्या भरून घेतात. याला टाफेल म्हणतात. पहिलं टाफेल 1993 मध्ये बर्लिनमध्येच सुरू झालं. आमच्याकडे नियम एवढाच की आपापल्या पिनकोडच्या केंद्रावर जायचं, आणि गरज असल्याचा कागद दाखवायचा. पिनकोडचा नियम लक्षात ठेवा.

भाषा सुधारल्यावर मला क्रेटवरून उचलून टेबलावर बसवलं. कागद तपासायला. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

2022 चा ऑक्टोबर. युक्रेनमधल्या युद्धानंतर रांग दारापासून फुटपाथवर गेली होती. कित्येक केंद्रांनी नवी नावं घेणंच थांबवलं होतं. गॅस, वीज, लोणी, सगळं महागलेलं. रांगेत एक करडा कोट दिसला आणि मी ओळखला. आमच्याच जिन्यातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. वय सत्तरीच्या पुढे. मी नवी असताना कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे त्यांनी मला दोनदा, रागावून शिकवलं होतं. मी ऑफिसात असताना माझी पार्सलं त्याच घ्यायच्या. पार्सल आणायला गेलं की दारात पाच मिनिटं बोलणं व्हायचं, म्हणून मला माहीत होतं की त्यांचा घटस्फोट दोन्ही जर्मनींच्या एकत्रीकरणाआधीचा, पूर्व बर्लिनमधला. पश्चिमेकडे नवऱ्याच्या पेन्शनमधला वाटा घटस्फोटित बायकोला 1977 पासून मिळायचा. पूर्वेकडे 1992 च्या आधी घटस्फोट झालेल्यांना तो मिळाला नाही. बाईंना स्वतःची पेन्शन होती, तेवढीच.

त्यांनी मला टेबलाशी येईपर्यंत पाहिलं नव्हतं. पाहिल्यावर त्यांनी पिशवीची ट्रॉली अंगाजवळ ओढली. मी नेहमीसारखं विचारलं, कागद? त्या म्हणाल्या, नाही आणला. सरकारी ऑफिसातून काही घेत नाही मी.

पेन्शनचं पत्रही चाललं असतं. पुढच्या वेळी आणा म्हणून त्या दिवशी आत सोडता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी त्याऐवजी मदत करायला लागले. म्हटलं, तुम्हाला म्हातारपणीचा आधारभत्ता मिळायला हवा, अर्ज का नाही केलात? माणूस म्हणून जगता येईल इतकं किमान मिळणं हा हक्क आहे, असं घटना न्यायालयानेच 2010 मध्ये सांगितलंय. हे वाक्य मी क्लाससाठी पाठ केलं होतं, विभक्ती-प्रत्ययांसकट. बाई अगदी हळू म्हणाल्या, "मुलाला पत्र जाईल ना."

ही भीती मला ठाऊक होती. बरेच म्हातारे याच भीतीने अर्ज करत नाहीत. नियम असा की मुलाचं उत्पन्न वर्षाला एक लाख युरोंच्या वर असेल तरच सरकार आईबापाला दिलेले पैसे त्याच्याकडे मागतं. हे मला सांगायचं होतं. तोंडातून बाहेर आलं ते असं, आणि हॉलमध्ये गलका होता म्हणून मोठ्याने आलं: "तुमचा मुलगा वर्षाला एक लाखाच्या वर कमावतो का?"

मागे कोणीतरी हसलं. मुद्दाम नसेलही. बाईंनी नंबराची चिठ्ठी चार घड्या घालून माझ्यासमोर ठेवली, "शुभ दिवस" म्हणाल्या आणि रिकामी ट्रॉली ओढत गेल्या. मी उठून मागे गेले नाही. रांग होती. पुढचा नंबर पुकारला.

त्या संध्याकाळी मला काय आठवलं असेल ते तुमच्यातल्या काहींना कळेल. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर आमचं रेशनकार्ड पिवळं झालं होतं, आणि दुकानदार बारा वर्षांच्या मला बघून ओरडायचा, "पिवळंवाले तिकडच्या बाजूला!" तो नियमानेच वागत होता. माल वेगळा, भाव वेगळा, रांग वेगळी. मी त्याच्यासारखी नव्हते, हे मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. मी फुकट राबत होते, मला बाईंना मिळवून द्यायचं होतं, त्याला आमचं रॉकेल काळ्याबाजारात विकायचं होतं. फरक आहे. खूप फरक आहे. आणि त्या बाजूला उभं राहायला लावल्यावर कसं वाटतं, त्यात फरक आहे का, हे मला सांगता येत नाही.

तर सरकार सगळं देत असताना गरीब कुठून येतात, याचं माझ्याकडे आता एवढंच उत्तर आहे: पैसे कचेरीत असतात, बाई तिसऱ्या मजल्यावर, आणि मध्ये टेबल असतं. टेबलाशिवाय वाटप होत नाही, हेही मी तिथेच शिकले. एकदा कागद न बघता वाटलं तर शेवटच्या तीस जणांना नुसती कोबी उरली आणि भांडणं झाली.

"आपल्याकडे काय कमी आहेत?" नाहीत मामा, कमी नाहीत. मी सोलापुरात राहिले असते तर शनिवारी तुमच्या गल्लीत काही वाटलं असतं का? बहुधा नाही. तुम्हीही वाटत नाही. पण माझा पिनकोड तिकडचा आहे.

त्या आठवड्यात मी भत्त्याचा अर्ज छापला, एक लाखाच्या नियमाखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि नाव न घालता बाईंच्या टपालपेटीत टाकला. त्यांनी भरला की नाही, माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही. टेबलावर मी अजून बसते. फक्त पैशांचं काही विचारायचं असलं की त्या माणसाला घेऊन मागच्या स्वयंपाकघरात जाते. बाकीचे वैतागतात, रांग लांबते.

जिन्यात भेटलो की बाई नमस्कार करतात, बाहेरच्या माणसाला करावा तसा. माझी पार्सलं आता कोपऱ्यावरच्या दुकानात जातात.